बायकांची माडी

आमचं कापडाचं दुकान ज्या इमारतीत आहे ती दुकानासाठी बांधलेली नाही, हे आत पाऊल टाकणाऱ्या कुणाच्याही लक्षात येतं. साड्या विकायला कुणी दोन मजले उंच छत घालत नाही, आणि दुकानाच्या मधोमध गुडघाभर उंचीचा दगडी ओटा तर नाहीच नाही. बीडहून चौसाळ्याकडे येताना हायवेला लागून आमचं गाव आहे. गावातले जुने लोक पत्ता सांगताना अजून 'इस्राएलांची मशीद' म्हणतात. त्यामुळे नवा एजंट हमखास बाजारातल्या मशिदीपुढे नमुन्यांची बॅग घेऊन उभा राहतो, आणि तिथून कुणीतरी त्याला हसत हसत आमच्याकडे पाठवून देतं.

निजामाच्या काळात रस्ते आणि पूल बांधायच्या कामावर कोकणातून काही ज्यू कुटुंबं इकडे आली होती. चार-पाच घरं असतील. ती माणसं मराठीच बोलायची, बायका नऊवारी नेसायच्या, आणि आपल्या प्रार्थनाघराला ती स्वतःच मशीद म्हणायची, म्हणून गावानंही तोच शब्द धरला. माझ्या सासऱ्यांना त्यांचं आठवायचं ते एवढंच, की शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटायची नाही, आणि काही मंगल असलं की गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा गल्लीतल्या पोरांच्या हातावर पडायचा. पुढे निजामाचं राज्य गेलं, तिकडे त्यांचा नवा देश झाला, आणि एकेक घर बंद होत गेलं. शेवटी उरलेल्या माणसानं कातड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या-पोथ्या मुंबईला पोचत्या केल्या आणि रिकामी इमारत माझ्या आजेसासऱ्यांना विकली. आजेसासरे तेव्हा शेती सांभाळून, खांद्यावर कापडाचा गठ्ठा टाकून आठवडी बाजार करत. त्यांना बसायला जागा झाली.

बाहेरून पाहिलं तर इमारत आमच्या मुलखातलीच वाटते. काळ्या दगडाचा उंच चौथरा, त्यावर विटा आणि चुना. काम इथल्याच पाथरवटांनी केलेलं आहे, त्यामुळे दारावरची कमान आमच्या गावाच्या वेशीची सख्खी बहीण शोभते. आत मात्र त्या कारागिरांना काही वेगळं सांगितलेलं असणार. दार पूर्वेला आहे. समोर, पश्चिमेच्या भिंतीत, माणूस उभा राहील एवढा खोल कोनाडा आणि त्याला सागवानी दारं. त्यात पूर्वी पोथ्या असत. आम्ही शालू ठेवतो, कारण तिथं ऊन पोचत नाही आणि वाळवी लागत नाही. मधोमध तो दगडी ओटा, भोवती लाकडी कठडा. पोथी वाचणारा त्यावर उभा राहायचा. आजेसासऱ्यांनी कठड्याची एक बाजू काढली, ओट्यावर गादी टाकली, पांढरी चादर अंथरली आणि स्वतः जाऊन बसले. छत सागाच्या फळ्यांचं आहे, पण सपाट नाही. दोन्ही कडांना ते खाली वळत जातं, भाकरीची काठवट उपडी ठेवावी तसं. तेलाचे दिवे टांगायच्या साखळ्यांना आता पंखे लोंबतात. खिडक्यांच्या माथ्याला रंगीत काचा आहेत. दुपारच्या आधी थोडा वेळ त्यांचा हिरवा-तांबडा उजेड गादीवर पडतो, आणि तेवढ्या वेळात सासरे कुणालाही साडी दाखवायचे नाहीत. "रंग खोटा दिसतो, बाई. जरा दम धरा," म्हणून गिऱ्हाइकाला पाणी देऊन बसवून ठेवायचे.

आणि मग माडी. दाराच्या वर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून ती फिरते, लाकडी खांबांवर तोललेली, पुढे छातीएवढी जाळी. ती बायकांची जागा. प्रार्थनेला पुरुष खाली बसत, बायका वर. बायकांना पुरुषांमधून जावं लागू नये म्हणून माडीचा जिना इमारतीच्या आत नाहीच. तो बाहेरून, उत्तरेच्या बोळातून, भिंतीला धरून वर चढतो. जाळीची नक्षी अशी आहे की वरून खालचं सगळं दिसतं, खालून मात्र वर कोण बसलंय ते कळत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माडीवर न खपलेला माल आणि पारवे यांचं राज्य होतं.

माझं माहेर दिंद्रुडचं. मला शिवणाचं भारी वेड, म्हणून लग्नात बाकी काही मागितलं नाही, शिलाई मशीन मात्र हट्टानं मागून घेतलं. इथं आल्यावर ते घराच्या पडवीत धूळ खात पडलं. दुकानात ब्लाऊजपीस घेणाऱ्या बायका शिवायला बीडला जायच्या, आणि का जाणार नाहीत, दुकानात चार पुरुषांसमोर उभं राहून छातीचं माप कोण देणार. मी सासऱ्यांना म्हटलं, मामा, मला माडी द्या. सासूबाईंनी नाक मुरडलं. घरची सून दुकानात बसणार, हे त्यांना पचेना. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता विचार केला.

"बायांचीच जागा हाय ती," ते म्हणाले. "घे. पण वर बाया माप देतेल, तर गड्यानं त्या जिन्याला पाय लावायचा न्हाई. मीबी न्हाई."

हा नियम त्यांनी स्वतःला आणि आपल्या दोन्ही मुलांना घालून दिला, आणि आमच्या घरात तो देवघरातल्या सोवळ्यासारखा पाळला गेला. माझा नवरा, धाकटे दीर, दुकानातली माणसं, कुणी म्हणून कुणी त्या जिन्याची पहिली पायरी चढलं नाही. वरचा माल खाली आला. पारव्यांना मी काठी घेऊन हाकललं, पण ते अधूनमधून माझं धैर्य तपासायला येत राहिले.

वर्षं गेली तशी माडीवर मशीनं वाढली, शिवणाऱ्या बायका वाढल्या. लग्नसराईत ब्लाऊज असतातच, पण आमची खरी धांदल दसऱ्याच्या आधी असते. आमच्या भागातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला बाहेर पडतात. तोडणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, नाहीतर उसाचं पातं हात चिरून ठेवतं. बाजारात मिळतो तो सदरा गड्याच्या मापाचा. तो खांद्यात ढगळ, छातीत आवळ, आणि वाकलं की वर चढतो. आम्ही तो बाईच्या मापाचा शिवतो, मनगटाला दोन गुंड्या, आणि आतून एक खिसा, जो बाहेरून दिसत नाही. पाली ते चौसाळा, कुठून कुठून बाया त्यासाठी येतात. येतात त्या मापासाठी, पण बसतात तासभर. माप घेताना बाईचा पदर बाजूला होतो, आणि मग दंडावर, पाठीवर काय आहे ते दिसतं. मी विचारत नाही. टेप हातात घेऊन नुसती थांबते, आणि बहुतेक जणी आपणहून सांगतात. त्या माडीवर जेवढं रडणं झालंय तेवढंच हसणंही झालंय, आणि दोन्ही इतर कुठं झालं नसतं असं मला वाटतं.

आता त्या इमारतीची खरी खोड सांगते. मी माडीवर बसायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मशीन थांबवून सुईत दोरा ओवत होते, तर कुणीतरी कानाशी येऊन म्हणालं, "हा माल आपल्याला झेपायचा न्हाई." मी दचकून मागे पाहिलं. माडीवर चिटपाखरू नव्हतं. जाळीतून खाली डोकावले, तर सासरे गादीवर बसून एजंटाशी बोलत होते, तेही आवाज दाबून. ओट्यावर बोललेलं अक्षर न् अक्षर त्या काठवटीसारख्या छताला लागून जाळीपाशी येऊन पडत होतं. बांधणाऱ्यांनी ते जाणूनबुजून केलं असणार. वर बसलेल्या बायकांना पोथीतला एकही शब्द चुकू नये, एवढी काळजी कुणीतरी घेतली होती. उलट मात्र होत नाही. खाली हायवेची घरघर, दारातून येणारी-जाणारी माणसं, त्यात वरचं बोलणं विरून जातं. आम्ही वर कितीही खिदळलो तरी खाली जाते ती फक्त मशीनची टकटक.

सासऱ्यांना हे ठाऊक होतं. लहानपणी पारव्यांची अंडी शोधायला ते माडीवर चढायचे, तेव्हाच त्यांना कळलं असावं. मला त्यांनी तसं कधी सांगितलं नाही. पण पाहुणे आले की गादीवर बसल्या बसल्या, मान वर न करता, साध्या आवाजात म्हणायचे, "चार भाकरी जादा लागतेल." पाहुणा बुचकळ्यात पडायचा की हे बोलले कुणाशी, आणि मी मशीनवर कापड टाकून घरी निघायचे. एकदा मी अंगात ताप असताना शिवत बसले होते. खालून आवाज आला, "ताप आलेल्या माणसानं घरी जाऊन पडावं." समोर एक गिऱ्हाईक धोतरजोडी बघत होतं. ते बिचारं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहायला लागलं.

त्यांच्या मुलांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. लहानपणी त्यांना माडीवर सोडत नसत, माल ठेवायला नोकर जायचे, आणि पुढे तर नियमच झाला. ते जिना चढलेच नाहीत, तर कळणार कुठून. दोन्ही भावांना वाटायचं, गादीवर हळू बोललं की झालं. त्यामुळे त्या गादीवर जे जे बोललं गेलं ते मला कळत गेलं. दिरांनी घरात न सांगता मोटारसायकल घेतली ते मला आधी कळलं. माझा भाऊ आगाऊ आहे असं आमच्या ह्यांचं मत आहे, हेही कळलं. एकदा ह्यांनी मित्राला सांगितलं, "आमची लई हुशार हाय, पण तोंडावर म्हणायचं नसतंय बायकांना." त्या दिवशी मी दोन ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. लोक म्हणतील, चोरून ऐकणं बरं नव्हे. मी चोरून कधी ऐकलं नाही. येतं ते ऐकू येतं, त्याला मी काय कानात बोळे घालू.

सासरे गेल्यावर दुकानाची कळा बदलली. तागे घेऊन शिवणारे कमी झाले. पोरी मोबाईलवर ड्रेस मागवायला लागल्या. कुरियरवाला आमच्याच दारासमोर गाडी लावून आमच्याच गिऱ्हाइकांना खोकी वाटतो, आणि पाणी प्यायला आत येतो. धाकटे दीर त्यामुळे अस्वस्थ असायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांची मुलं शिकतायत, त्यांना पुढचं दिसतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी बीडहून एक तरुण इंजिनिअर आणला. त्यानं हातातल्या यंत्रानं भिंतींवर लाल ठिपका मारत मापं घेतली. मला वाटलं, छत गळतंय त्याचं बघायला आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. माडीवर मी आणि चौघी जणी होतो, सदऱ्यांचं कटिंग चाललं होतं. मशीनं बंद होती. खाली दोघं भाऊ गादीवर येऊन बसले.

"माडी काढली की मधी स्लॅब पडतो," दीर म्हणाले. "सहा गाळे खाली, सहा वर. पुढून शटर. मोबाईलवाला तयार हाय, मेडिकलवाला तयार हाय."

"आन् तिचं काय?" आमचे हे म्हणाले.

"वैनीला आत्ताच कशाला सांगायचं, दादा? काम लागलं की कळंलच. घरी ती मागची खोली रिकामी हाय, तिथं मशीन टाकून देऊ."

मी जाळीला कपाळ टेकून थांबले. माझ्या मागे कात्री थांबली होती.

"हां," हे म्हणाले. "ती काय म्हणणार हाय? टाइमपासच हाय तो तिचा."

दिरांचं मला तितकं लागलं नाही. दीर हिशेबी माणूस आहे, तो भिंतीकडे बघून गाळे मोजतो, त्याचा स्वभावच तो. पण ज्या माणसाबरोबर मी सगळं आयुष्य काढलं त्याला मी दिवसभर वर काय करते याची इतकीच कल्पना असावी, याचं मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे चौघींनी ते ऐकलं. त्यांच्याकडे वळून बघायची मला लाज वाटली. त्यांतली एक, दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जाते आणि उरलेले महिने माझ्याकडे काजं-गुंड्या करते, तिनं हातातला सदरा मांडीवर ठेवला.

"मग आमी माप कुठं द्यायचं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, कापा, कापा, दसरा तोंडावर आलाय.

घरी मी अबोला धरला. ह्यांच्या ते दोन दिवस लक्षातच आलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की घसा बसलाय का. मला खूप काही बोलायचं होतं, पण घरी बोलायचं तरी कसं. आमच्या घरात पुरुष जेवायला बसले की बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलते. समोर टीव्ही चालू असतो. तिचं अर्धं वाक्य भाजीबरोबर संपतं आणि अर्धं जाहिरातीत. शिवाय मी विषय काढला असता तर पहिला प्रश्न आला असता, तुला कुणी सांगितलं, आणि मग सांगितलं कुणी यावरच भांडण झालं असतं. माडी राहिली बाजूला. मला माडी हवी होती. आणि ती मागताना माझा शब्द न् शब्द ऐकला जावा, हे हवं होतं. असं ऐकलं जाण्याची एकच जागा मला माहीत होती, आणि तिथं मी कधी बसले नव्हते. आमच्या घरातली कुठलीच बाई बसली नव्हती.

दोन-चार दिवसांनी इंजिनिअर परत आला. माडीच्या तुळया भिंतीत किती आत गेल्यात ते त्याला वरून बघायचं होतं. दिरांनी बोळातून हाक मारली, वैनी, साहेबाला वर यायचंय, बाया हायेत का. तो येणार हे मला गादीवरूनच कळलं होतं, म्हणून मी सगळ्यांना दुपारची सुट्टी दिली होती.

"कुणी न्हाई," मी वरून म्हटलं. "साहेबाला घेऊन तुमीबी या. आन् ह्यांनाबी बोलवा."

दीर जिन्याच्या तळाशी घुटमळले. "आमी कशाला, वैनी?"

"मामांचा नियम बायांसाठी हुता. बाया न्हाईत आज. या."

ते आले. हेही आले. दोघांनी चपला खालीच काढल्या, देवळात चढावं तसे चढले. ओळीनं मशीनं, भिंतीला खुंट्यांवर टांगलेले सदरे, कोपऱ्यात माठ, जाळीशी अंथरलेली सतरंजी. आपल्याच इमारतीत एवढं काही आहे हे ते पहिल्यांदा बघत होते. इंजिनिअर गुडघ्यावर बसून तुळई ठोकून बघायला लागला. "काय लाकूड आहे हो," तो म्हणाला. मी दोघा भावांना सतरंजीवर बसवलं, जाळीला लागून, जिथं मी बसते तिथं.

"बसा जरा. मी आले," म्हटलं.

जिना उतरून बोळातून वळसा घालून मी दुकानात आले. दारातल्या माणसाला म्हटलं, तू चहा पिऊन ये. मग चप्पल काढली आणि ओट्यावर चढले. गादी माझ्या समजुतीपेक्षा कडक होती. वर पाहिलं तर जाळी नुसती काळी दिसत होती, तिच्यामागे माणसं आहेत हे मला माहीत होतं म्हणूनच ती होती. मी मांडी घातली आणि रोजच्या आवाजात, उलट जरा हळूच, बोलायला सुरुवात केली.

"मी गादीवरून बोलायले. तुमाला ऐकू यायलं असंल. इतकंच साफ मला ऐकू येतंय, लगीन होऊन आलते तवापासून. मामांना ठावं हुतं. तुमाला न्हवतं.

"तुमी इथं बसून माडी काढायचं ठरिवलं, ते मी ऐकलं. टाइमपास म्हणलात, तेबी ऐकलं. त्या दिशी वर अजून चौघीजणी हुत्या. त्यांनीबी ऐकलं. त्यांना मी काय सांगू ते मला अजून सुचलं न्हाई.

"भावजी, गाळे काढा. काढायलाच पायजेत, दुकान चालंना ते मला वरून दिसतंय. दुकानाच्या मागं मोकळी जागा पडली हाय, तिथं काढा. पण माडी मोडू नका. मला घरची खोली नको. घरी माप द्यायला कोणची बाई येईल? तिथं तुमी सगळे असता. या जिन्यानं येताना तिला कुणी बघत न्हाई, म्हणून ती येते. कापड तर बीडलाबी मिळतंय.

"आन् तुमी," मी ह्यांना म्हणाले, "तुमी मला इचारलं न्हाई त्याचं मला इतकं न्हाई. कोणच्या घरात इचारतेत. पण ती काय म्हणणार, असं तुमी म्हणलात. मी काय म्हणणार ते तुमाला म्हाईत न्हाई, म्हणून सांगायले. मला ही जागा पायजे. मला हितं बरं वाटतं. माझ्या हातनं काही हुतंय, असं मला दुसरीकडं कुठं वाटत न्हाई."

यापुढे आणखी बोलायचं होतं, पण मी तिथंच थांबले.

वरून काहीच आलं नाही. ते बोलत असतील, जाळीमागे काहीतरी हललंही, पण बाहेर साखर कारखान्याकडे जाणारी रिकामी ट्रॉली खडखडत गेली, तिच्यामागे एसटी गेली, आणि माझ्यापर्यंत एक शब्द पोचला नाही. मी त्या गादीवर बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसांना आमची किंमत नाही. तिथं बसल्यावर ध्यानात आलं की आमचं यांना कधी काही पोचलंच नव्हतं. आम्ही वर बसून यांचं सगळं जाणलं, यांच्यावर हसलो, यांना शहाणे-वेडे ठरवलं, आणि यांच्यापर्यंत गेली ती मशीनची टकटक. मला त्यांची थोडी कीव आली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं असं मला आधी माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं हे एकटेच दारातून आत आले. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं, ओट्यासमोर, येऊन उभे राहिले. मी गादीवर, हे खाली, अशी आमची कधी भेट झालेली नव्हती. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"आमी वर बोलत हुतो," ते म्हणाले. "आलं का ऐकू?"

"न्हाई."

"काहीच?"

"वरचं खाली येत न्हाई."

त्यांनी मान हलवली. मग कठड्याला धरून ओट्याच्या कडेला, गादीवर न येता, टेकले.

"मग सांगतो," ते म्हणाले. "धाकट्याला म्हणलो, माडी ऱ्हाईल. तो नाराज हाय. मागच्या जागेत सहा गाळे बसत न्हाईत म्हणतो, चार बसतेल. साहेब बघून सांगणार हायेत. वरची एक तुळई सडलीय, ती बदलावी लागंल, तवर तुमचं काम आठ-पंधरा दिस बंद ठिवावं लागंल. दसरा झाल्यावर करू."

"बरं," मी म्हटलं.

ते उठले नाहीत. "आन् त्या दिशी मी जे बोललो," असं म्हणून अडले.

आमच्या घरात पुरुषानं बायकोपुढे चूक कबूल केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, भावादेखत तर नाहीच. आणि भाऊ वर होता, जाळीला लागून, शेजारी परका माणूस. इथं बोललेलं कुठं जातं हे ह्यांना आता चांगलं माहीत होतं. त्यांनी एकदा वर जाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले आणि आवाज जराही खाली न करता म्हणाले, "ते माझं चुकलं."